पुण्यात घर बांधतोय, एसीशिवाय राहता येईल असं. आधी पैसे कशावर घालू?

सुपारीफूल | २१ एप्रिल, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचते आहे, धागा मात्र पहिल्यांदाच काढतेय.

नांदेड गावात, खडकवासल्याच्या अलीकडे आमचा ३० बाय ६० फुटांचा प्लॉट आहे. पश्चिमेला रस्ता, दक्षिणेला शेजाऱ्यांचं दुमजली घर, उत्तरेला अजून रिकामी जागा आणि मागे पूर्वेला कुणाचं तरी पेरूचं झाड कुंपणावरून आत वाकलेलं. दसऱ्याला पाया खणायचा विचार आहे. राहणार आम्ही पाच जण: आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई.

सध्या वडगावात भाड्याने राहतो. सगळ्यात वरचा मजला आणि बेडरूमची लांब भिंत पश्चिमेला. आत्ता हे लिहिताना त्या भिंतीला तळहात टेकवून पाहिला. रात्रीचे पावणेअकरा झालेत, बाल्कनीत छान गार वारा आहे आणि भिंत मात्र भाकऱ्या झाल्यावर तवा निवत जातो ना, तशी कोमट. धाकटी रोज उशी घेऊन हॉलमध्ये फरशीवर झोपायला जाते. गेली चार वर्षं एप्रिल-मे असाच जातोय.

ज्या कॉन्ट्रॅक्टरशी पहिलं बोलणं झालं ते म्हणाले, सगळ्या खोल्यांत एसीचे पॉइंट काढू, वर सोलर टाकू, की झालं पर्यावरणपूरक घर. मला हे पटत नाही. आधी घर तापू द्यायचं आणि मग ते गार करायला वीज बनवायची, यात कुठेतरी उलटं होतंय असं वाटतं. पण इंजिनिअरिंग मला कळत नाही, त्यामुळे त्यांच्यासमोर नीट मांडता आलं नाही.

नकाशा तळमजला अधिक एक, २,२०० चौरस फुटांचा आहे. पैसे मर्यादित आहेत, सगळंच करता येणार नाही. ज्यांनी स्वतः बांधलंय किंवा जे या कामात आहेत त्यांनी सांगा: पहिला रुपया कुठे घालू?


जुनावाडा | २१ एप्रिल, रात्री ११:३०

ताई, तुमची भिंत दहा वाजता तापलेली नसते, ती तेव्हा दुपारचं ऊन परत देत असते. नऊ इंची विटेच्या भिंतीतून उष्णता आत पोचायला सात-आठ तास लागतात. तीनचं ऊन तुमच्या खोलीत येतं ते असं रात्री दहा-अकराला.

मी शनिवार पेठेतल्या वाड्यात वाढलो. खालच्या भिंती दोन फूट जाड, वर कौलं, कौलांखाली पोटमाळा आणि मधोमध चौक. कौलं तापायची, पण ती उष्णता माळ्यातच अडायची. आजी सकाळी साडेआठला बाहेरच्या खिडक्या लावून घ्यायची आणि दिवेलागणीनंतर सगळी दारं चौकाकडे सताड उघडायची. मे महिन्यात आम्ही वर पंखा नसलेल्या खोलीत झोपलेलो आहोत.

पुण्याला हे साधतं, कारण इथे उन्हाळ्यात दुपारी ३८-३९ असलं तरी पहाटे २१-२२ पर्यंत उतरतं. रात्रीची ही गार हवा आपल्याला फुकट मिळते. मुंबईत रात्रही दमट आणि उबदार, तिथे हा उपाय चालत नाही. त्यामुळे घर असं हवं की रात्रभर वारा आतून खेळेल आणि दिवसा ते बंद राहील. रात्री खिडक्या उघड्या टाकायला चोराची आणि डासांची भीती वाटते, म्हणून छताजवळ गज आणि डासांची जाळी लावलेले झरोके ठेवा, जे उघडेच राहतील. जाळीने वारा बराच अडतो, तेव्हा झरोके हिशेबापेक्षा मोठे घ्या.

विश्रामबागवाड्यात एकदा भर दुपारी जाऊन या. रस्त्यावरून आत पाऊल टाकल्यावर जो फरक जाणवतो, तो कॉन्ट्रॅक्टरलाही सोबत नेऊन दाखवा.


सूर्यरेषा | २२ एप्रिल, सकाळी ७:१५

मी आर्किटेक्ट आहे, छोटी घरंच जास्त करते. सुपारीफूल, तुमची शंका अगदी बरोबर आहे. आधी ऊन अडवायचं, मग वारा खेळवायचा आणि यंत्रांचं शेवटी पाहायचं.

पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो, मार्च आणि सप्टेंबरात ७१-७२ अंशांवर, आणि मेच्या १३-१४ तारखेला बरोबर डोक्यावर. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य चक्क थोडा उत्तरेकडे असतो.

याचा उपयोग असा. दक्षिणेच्या चार फूट उंच खिडकीच्या लगेच वर दोन फुटांचा छज्जा काढला, तर मार्चपासून सप्टेंबरपर्यंत दुपारचं ऊन काचेला शिवत नाही. डिसेंबरात मात्र छज्जाची सावली वरच्या सव्वादोन फुटांपर्यंतच पोचते, खालच्या भागातून कोवळं ऊन आत येतं. म्हणजे एकच छज्जा उन्हाळ्यात अडवतो आणि थंडीत सोडतो. पूर्व-पश्चिमेला ही युक्ती चालत नाही, कारण तिथे सूर्य खाली उतरून समोरून येतो. छज्जा पाच फुटांचा केला तरी साडेचारचं ऊन त्याखालून आत शिरणारच. तिथे उभा पडदा हवा: विटांची जाळी, उभ्या पट्ट्या, वेल किंवा झाड.

आता तुमचा प्लॉट. शेजाऱ्यांचं दुमजली घर २२ फूट उंच धरलं, तर डिसेंबरात दुपारी त्याची सावली २० फूट लांब पडेल. तुमच्या तळमजल्याला दक्षिणेचं हिवाळी ऊन मिळणारच नाही. तेव्हा उन्हाची खोली वरच्या मजल्यावर घ्या.

पश्चिमेला तुमचा रस्ता आहे, आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी पुण्यात वाराही तिकडूनच येतो. त्यामुळे ती बाजू सरळ बंद करून टाकणं चुकीचं होईल. रस्त्याच्या बाजूला पोर्च आणि वर खोल बाल्कनी घ्या, तिच्या पुढे जाळी. भिंतीवर सावली राहील आणि वारा आत येईल. जिना घराच्या मधोमध ठेवा आणि जिन्याच्या टोपीला, म्हणजे गच्चीवर जिना झाकणाऱ्या छोट्या खोलीला, पूर्वेकडे झरोके द्या. गरम हवा वर चढून तिथून निघून जाते. झरोके पूर्वेकडेच हवेत, कारण आपला पाऊस नैऋत्येकडून झोडपतो.

एक मोजपट्टीही सांगते. ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने २०१८ साली ‘इको-निवास संहिता’ काढली. भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी १५ वॉटच्या आत असावी आणि छताचं यू-मूल्य (छतातून उष्णता किती सहज आत येते त्याचा आकडा) १.२ पेक्षा जास्त नसावं, असं त्यात आहे. ती ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटसाठी आहे, तुम्हाला लागू नाही. पण तुमच्या आर्किटेक्टला हे दोन आकडे काढून मागा. काढायला अवघड नाहीत, आणि कागदावर आकडे आले की चर्चा आवडीनिवडीवर अडत नाही.


सुपारीफूल | २२ एप्रिल, दुपारी १:०५

सूर्यरेषा, जुनावाडा काका, खूप आभार. छज्जाचं गणित मुलाने लगेच वहीत काढून पाहिलं.

एक अडचण. सासूबाईंचा वास्तूवर विश्वास आहे. मोठ्यांची खोली नैऋत्येला, असा त्यांचा आग्रह आहे आणि त्यांचं मन मला मोडायचं नाही. पण संध्याकाळी सगळ्यात जास्त तापणारा कोपरा तोच ना?


सूर्यरेषा | २२ एप्रिल, दुपारी ३:४०

हो, तोच. तरी खोली तिथेच ठेवता येईल, काळजी करू नका. तळमजल्यावर घ्या, म्हणजे वरून छत तापणार नाही. दक्षिणेकडून शेजाऱ्यांच्या घराची थोडी सावली आहेच. पश्चिमेच्या भिंतीलगत बाथरूम आणि भिंतभर कपाट घेतलं की पलंग आणि तापणारी भिंत यांच्यात चांगलं पाच-सहा फुटांचं अंतर पडतं. खिडकी दक्षिणेला, झरोका पूर्वेच्या भिंतीत जिन्याकडे. माझ्या दोन कामांत असंच केलंय आणि दोन्हीकडे आजी-आजोबा समाधानी आहेत.


गच्चीवाली | २२ एप्रिल, रात्री ९:२०

पहिला रुपया गच्चीवर! पश्चिमेची भिंत अर्धा दिवस तापते, गच्ची सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत.

आमचं कोथरूडला रो-हाउस आहे. आमच्याकडून झालेली चूक सांगते, म्हणजे तुमची टळेल. पहिल्या वर्षी वरच्या खोल्या तापतात म्हणून एकाने सांगितलं तसं आतून थर्मोकोल घालून फॉल्स सीलिंग केलं. बरेच पैसे गेले, खोलीची उंची कमी झाली आणि स्लॅब तसाच तापत राहिला. उष्णता बाहेरच्या बाहेर अडवायला हवी, स्लॅबच्या वर.

तीन वर्षांपूर्वी गच्ची पुन्हा केली. स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, त्यावर इन्सुलेशनचे बोर्ड, मग उताराचा कोबा आणि सगळ्यात वर पांढऱ्या तुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक. आधी एप्रिलमध्ये दुपारी वाळवणं आणायला गेलं की चपला घालूनही उड्या मारत पळावं लागायचं. आता मी अनवाणी उभी राहून कुरडया उलटवते. खालच्या खोलीत रात्री पंखा दोनवर पुरतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पांढरेपणा टिकला तरच उपयोग, म्हणून होळीच्या आसपास गच्ची घासून धुवायची. आणि पावसाळ्यात शेवाळ धरून मोझॅक निसरडं होतं, म्हाताऱ्या माणसांना तेव्हा वर सोडू नका.


वीटकाम | २३ एप्रिल, सकाळी ६:४५

बांधकामात २६ वर्षं आहे. पहिलं सांगतो ते आवडणार नाही कदाचित. २,२०० फूट पाच जणांना कशाला? सिमेंटमधला क्लिंकर, म्हणजे भट्टीत भाजून निघणारा त्याचा मुख्य घटक, बनताना किलोमागे जवळपास तेवढ्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वर स्टील, वाळू, विटा. तुम्ही ५०० फूट कमी केलेत तर जेवढं वाचेल, तेवढं कुठल्याही खास मटेरियलने वाचणार नाही. त्यातून सुटलेल्या पैशात गच्चीवालीताई म्हणतात तशी गच्ची होऊन जाईल.

भिंतींबद्दल. आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेलं रॅट-ट्रॅप बांधकाम मी केलंय. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी करायची, मधे तीन इंचांची पोकळी राहते. भिंत नऊ इंचीच, पण विटा साधारण चौथ्या हिश्श्याने कमी लागतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. मात्र लाइटच्या पाइपची जागा आधी ठरवा, नंतर छिन्नी मारता येत नाही. पहिला थर, खिडकीखालचा आणि लिंटेलचा (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईचा) थर भरीव घ्यायचा. मिस्त्री नवा असेल तर दोन दिवस नमुन्याची भिंत बांधून घ्या. आणि पश्चिमेला ती उघडी ठेवू नका, आपला पाऊस आत मुरतो. तिथे प्लास्टर हवंच.

एएसी ब्लॉक (आत हवेचे बारीक बुडबुडे असलेले सिमेंटचे ब्लॉक) हलके असतात आणि उष्णता चांगली अडवतात, पण धरून ठेवत नाहीत. प्लास्टरपूर्वी कॉलम-बीमच्या सांध्यांवर जाळी मारली नाही की चिरा पडतात. माझ्याच एका कामात घाईने जाळी राहिली होती. पहिल्याच उन्हाळ्यात भिंतभर केसासारख्या चिरा पडल्या आणि सगळं प्लास्टर काढून पुन्हा करावं लागलं.

मातीच्या दाबलेल्या विटा करायच्या असतील तर प्लॉटवरची काळी माती वापरू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरुमाची लाल माती, त्यात ५ ते ८ टक्के सिमेंट, आणि नीट पाणी मारून मुरवलेल्या विटा. पाया खणतानाही काळी माती लागली तर पूर्ण काढून मुरूम भरा, तिथे काटकसर नको.


सूर्यरेषा | २३ एप्रिल, सकाळी ९:१०

वीटकाम, बरंचसं मान्य, पण एएसीला पूर्ण बाद करू नका. दिवसा मोकळ्या आणि फक्त रात्री झोपायला वापरायच्या वरच्या खोल्यांत, जिथे पश्चिमेची भिंत टळतच नाही, तिथे उष्णता धरून न ठेवणारी भिंत बरी पडते. खिडक्या उघडल्या की खोली लगेच निवते. दिवसभर जिथे माणसं वावरतात तिथे जड भिंत. एका घरात दोन प्रकारच्या भिंती असायला काहीच हरकत नाही.


वीटकाम | २३ एप्रिल, दुपारी १२:३०

हे मी असं कधी पाहिलं नव्हतं. वरच्या पश्चिमेपुरतं पटलं. जाळी मात्र मारायचीच.


पाणकळा | २३ एप्रिल, रात्री १०:००

पाण्याचा विषय अजून कुणी काढला नाही, म्हणून लिहितो.

एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी. पुण्यात वर्षाला सरासरी ७२० मिलिमीटरच्या आसपास पडतो. गच्ची ८०० चौरस फूट, म्हणजे ७४ चौरस मीटर धरली तर ५३,००० लिटर होतात. उडालेलं, वाहून गेलेलं सोडा, ४५,००० तरी हाती लागतं. पाच माणसांना रोज ६७५ लिटर धरले तर दोन महिन्यांचं पाणी झालं.

एवढं साठवायची टाकी परवडत नाही, गरजही नाही. १०,००० लिटरची टाकी जमिनीखाली करा, ती पावसाळ्यात पुन्हा पुन्हा भरते आणि वापरली जाते. पुढचं पाणी गाळून बोअरमध्ये किंवा शोषखड्ड्यात. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह ठेवा, त्यात वर्षभराची धूळ आणि कबुतरांची घाण असते. आपल्याकडे खाली काळा पाषाण. पाणी त्यात मुरतं ते फटींतून, वाटेल तिथे खड्डा खणून नाही. आधी भूजलाच्या जाणकाराला जागा दाखवा.

बाथरूम आणि स्वयंपाकघराच्या पाण्याचे पाइप संडासापासून वेगळे टाका. आज बागेला वापरणार नसलात तरी वेगळे टाकाच, फरशी बसल्यावर ते होत नाही.

नांदेड २०२१ मध्ये महापालिकेत आलं आहे. सोलर, पावसाचं पाणी, गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प असेल तर मिळकतकरातल्या सर्वसाधारण करात ५ टक्के, दोन असतील तर १० टक्के सवलत मिळते. अर्ज मात्र आपणहून करावा लागतो.


तारतंत्री | २४ एप्रिल, रात्री ८:१५

विजेचं काम करतो, सोलरचीही बरीच कामं केली आहेत. ताई, महिन्याला किती युनिट लागतात?


सुपारीफूल | २४ एप्रिल, रात्री ८:४०

दादा, एप्रिल-मेमध्ये २४०-२५०, एरवी १६०-१७०.


तारतंत्री | २४ एप्रिल, रात्री ९:३०

मग तुम्हाला २ किलोवॅट पुरे. पुण्यात एक किलोवॅटचे दिवसाला सरासरी ४ युनिट धरतो, म्हणजे महिन्याला २४०. जागा साधारण २०० चौरस फूट लागेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० अनुदान आहे. ७८,००० मिळतात म्हणून गरज नसताना तीनचं बसवून घेणारे खूप भेटतात. तसं करू नका. पॅनेल सात-आठ फूट उंच मांडवावर घ्या, खाली गच्चीला सावली आणि वाळवणाला जागा मिळते. पावसाळ्यात उत्पादन पडतं, त्याची तयारी ठेवा.

त्याआधी पंखे. जुना पंखा ७५ वॉट खातो, नवा कमी विजेच्या मोटरचा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. रोज १२ तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात. पाच पंखे धरा, म्हणजे ८० युनिट झाले. इतका स्वस्त फायदा दुसरा नाही.

पाणी तापवायचं सोलर बाथरूमच्या बरोबर वर बसवा आणि पाइपला इन्सुलेशन घाला. नाहीतर रोज सकाळी गरम पाणी येईपर्यंत एक बादली गार पाणी मोरीत जातं. बोअरचं पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार धरतात, त्याला पालिकेच्या पाण्याची वेगळी टाकी जोडा.


देवराई | २५ एप्रिल, सकाळी ८:००

पश्चिमेला करंज लावा. बहावा सुंदर, पण आपल्याला सावली हवी त्या दिवसांत तो बहुधा निष्पर्ण असतो. करंज उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं टाकतो आणि लगेच नवी, चकचकीत पालवी घेऊन उभा राहतो. आताच जाऊन कुठलाही करंज पाहा. भिंतीपासून १५ फूट तरी दूर, आणि याच पावसाळ्यात लावा. घर होईपर्यंत त्याला दीड वर्ष मिळेल.

शिळ्या अन्नाचं काय करणार? पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी घरगुती बायोगॅस विकसित केला, त्याला २००६ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला. उरलेला भात, पोळ्या, खराब पीठ यावर तो चालतो. सगळा स्वयंपाक होणार नाही, पण सकाळचा चहा आणि दूध होतं.


सुपारीफूल | १४ मे, दुपारी २:१०

मंडळी, इतक्या मनापासून लिहिलंत, उत्तर द्यायला उशीर झाला त्याबद्दल माफ करा. मधल्या काळात नकाशा पूर्ण बदलला.

२,२०० चे १,६५० चौरस फूट झाले. पाहुण्यांची वेगळी खोली गेली, हॉल आणि जेवणाची जागा एक झाली. घरात यावर बरीच चर्चा झाली, पण पाहुणे वर्षातून आठ दिवस येतात आणि ती खोली आम्ही ३६५ दिवस झाडणार, हे सासूबाईंनीच म्हटलं आणि विषय मिटला. वाचलेल्या पैशातून आधी गच्ची, मग पश्चिमेची बाल्कनी आणि जाळी, मग पाण्याची टाकी. खाली रॅट-ट्रॅप, वर पश्चिमेला एएसी. सोलरसाठी मांडव आताच, पॅनेल पुढच्या वर्षी. एसीचा पॉइंट फक्त एका खोलीत, आजारपणात लागला तर. नैऋत्येची खोली सूर्यरेषांनी सांगितली तशी. सासूबाईंना नकाशा आवडला, बाथरूमचं दार कुठे उघडतं तेवढं त्यांनी बदलून घेतलं.

आज आम्ही सगळे प्लॉटवर गेलो होतो. मुलाने पीव्हीसीचा पाइप ओळंबा लावून सरळ उभा केला होता. साडेबाराला त्याची सावली सरकत सरकत बुडाशी आली आणि नाहीशी झाली. कॉन्ट्रॅक्टरही होते. ते बराच वेळ त्या पाइपाकडे पाहत राहिले आणि मग स्वतःहून म्हणाले, गच्चीचे थर कसे हवेत ते मला लिहून द्या. गच्चीवालीताई, तुमचा प्रतिसाद त्यांना जसाच्या तसा पाठवलाय.

करंजाची दोन रोपं जूनमध्ये लावतोय. एवढंच विचारायचं आहे: दारं-खिडक्यांना नवीन लाकूड घ्यायचं नाही असं ठरलंय. जुनं सागवान नीट पारखून कुठे मिळेल?


जुनावाडा | १४ मे, संध्याकाळी ६:२५

ताई, आमचा वाडा दोन वर्षांपूर्वी उतरवला. तेव्हा दोन सागवानी खिडक्या आणि माजघराच्या दाराची चौकट मी ठेवून घेतली, भावाच्या शेडमध्ये पडून आहेत. वाळवी नाही, मी दर पावसाळ्यानंतर बघतो. खिडक्या साडेतीन बाय चार फुटांच्या, गज लोखंडी आणि जुने. चौकटीची उंची पावणेसहा फूटच आहे, तेवढी चालेल का ते घरात विचारा. बाकीचं लाकूड भवानी पेठेत टिंबर मार्केटला पाहू, मी बरोबर येतो.

नकाशातली खिडक्यांची मापं पाठवा. लिंटेल ठरायच्या आत जुळवून घ्यायला हवं.